आजीला कुणी सांगितलंच नव्हतं

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपूरचं ऊन तोवर पुरतं उतरलेलं नसतं, पण सदर आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूच्या ख्रिस्ती शाळांच्या फाटकांपुढं पालकांची गर्दी सुरू होते. पुस्तकांचा संच, टाय-बेल्ट, डायरी, फीची पावती. या शहराला मिशनच्या शाळा नव्या नाहीत. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली; तेव्हा नागपूरच्या गादीवर अजून भोसले होते. हेच हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला बोरीची शाळा तपासून परतताना नाल्याच्या पाण्यात वाहून गेले. त्याच वर्षी बिशप कॉटन शाळा निघाली. पुढे सेंट फ्रान्सिस डी सेल्स, सेंट जोसेफ, प्रॉव्हिडन्स, सेंट अर्सुला अशी नावं शहराच्या तोंडी रुळली. आज त्यांच्या वर्गांत जरीपटक्याच्या सिंधी घरांतली मुलं आहेत, इंदोऱ्याच्या बौद्ध घरांतली आहेत, मोमीनपुऱ्यातली आहेत, महालातली आहेत. ख्रिस्ती घरांतली त्यामानानं थोडी.

या घरांना शाळा किती सांगते आणि किती विचारते, यावर गड्डीगोदामातल्या एका घरात दोन माणसांची चांगलीच जुंपली. बाई मराठी ख्रिस्ती. मिशनच्या मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आता एका इंग्रजी शाळेच्या व्यवस्थापनावर. समोर त्यांचाच जुना विद्यार्थी. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, हा रेल्वेत. याची मुलगी दुसऱ्या एका ख्रिस्ती शाळेत आठवीला. मी दोघांना ओळखतो, म्हणून मध्ये बसून ऐकायला मिळालं.

सुरुवात त्यानं केली. मुलीची डायरी पिशवीतून काढून बाईंपुढं उघडून ठेवली. पानभर इंग्रजी सूचना, खाली सहीची रेघ.

‘बाई, ही वाचते कोण, माहीत आहे? मी ड्यूटीवर. बायको दवाखान्यात नोकरीला. पोरीला घ्यायला माझी आई जाते. तिला इंग्रजी येत नाही. मग ती डायरी ऑटोवाल्यापुढं धरते. तो एका हातानं दप्तरं लावून राहिला, दुसऱ्या हातात डायरी. म्हणतो, माय, उद्या अर्धी शाळा आहे, लवकर या. आमच्या घरात शाळेचा निरोप ऑटोवाल्याच्या तोंडून येतो. त्यानं चुकीचं वाचलं तर आम्ही चुकीच्या दिवशी फाटकाशी उभे.’

‘अरे, पण सूचना दिली ना शाळेनं?’ बाई म्हणाल्या. ‘इंग्रजी शाळेत घातलंस तेव्हा ठाऊक नव्हतं का? शिवाय व्हॉट्सअ‍ॅप आहे. आता तर एवढं कळवतात, की पालकांना दम खायला वेळ नाही.’

‘रात्री पावणेअकराला मेसेज येतो, उद्या चार्ट पेपर आणि फेव्हिकॉल. ग्रुपवर बोलायची सोय फक्त अ‍ॅडमिनला. आम्ही नुसते ऐकणारे. चौकात भोंगा लावून गाडी जाते ना, तसं.’

‘ग्रुप खुला केला की काय होतं ते मी पाहिलंय,’ बाई ठामपणे म्हणाल्या. ‘दीडशे गुड मॉर्निंग. मग कुणाच्या तरी पोराला किती मार्क मिळाले त्याची चौकशी. मग एक अफवा, की अमक्या शाळेबाहेर पोरं पळवणारी बाई दिसली, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर. माझ्या एका शिक्षिकेला रात्री साडेअकराला फोन आला, गणितात अर्धा मार्क का कापला म्हणून. तिचंही घर आहे, लेकरू आहे. शिक्षकाला मान नको का राहायला? आमच्या वेळी पालक फाटकाशी सोडायचे आणि म्हणायचे, बाई, तुमच्या हवाली. तो विश्वास होता.’

‘तो विश्वास नव्हता बाई, नाइलाज होता. माझ्या बाबांना मिलची पाळी सोडून येता येत नव्हतं. आले असते तर अर्ध्या दिवसाचा पगार गेला असता.’

यावर बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्या बोलण्यात मोलाचं वाटलं, म्हणून सविस्तर देतो.

‘तुझे बाबा येत नव्हते म्हणूनच मी यायची. लेडीज सायकल होती माझी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की इंदोरा, मेकोसाबाग, इकडं गड्डीगोदामातल्या चाळी. एक मुलगा आठवड्यातून तीन दिवस उशिरा यायचा. रोज छडी खायचा, बोलायचा नाही. मी घरी गेले तर दाराला कडी, आणि ओट्यावर हाच पोट्टा कडेवर बहीण घेऊन बसलेला. आई पहाटे कॉटन मार्केटला जायची, भाजी घेऊन वस्तीत विकायची. ती परत येईपर्यंत बहीण याच्याकडं. शाळेत मला ते वर्षभर कळलं नसतं. मग त्या मुलीला आम्ही बालवाडीत बसवायला लागलो. वय बसत नव्हतं तरी. दुसऱ्या सोमवारपासून हा वेळेवर. आता तूच सांग, त्या आईला मी कुठली सूचना पाठवायला हवी होती?’

‘हेच तर मी सांगून राहिलो,’ तो पुढं सरकला. ‘तुम्ही जाऊन पाहिलंत. विचारलंत. आता कोण येतं? ओपन डेला रांगेत उभं राहायचं, चार मिनिटं मिळतात. उत्तरपत्रिका बघा, सही करा, नेक्स्ट. घरात काय चाललंय हे विचारायला वेळच ठेवलेला नाही.’

‘एका वर्गात साठ मुलं आहेत. माझ्या काळी इतकी कागदं भरावी लागत नव्हती. तू शिक्षकाला गृहभेटी द्यायला सांगशील, सरकार त्याला माहिती पोर्टलवर भरायला सांगतं.’

बाईंचं हे खरं आहे. गृहभेटींचा काळ गेला तो शिक्षकांची माया आटली म्हणून नाही. पण त्याची जागा कशानं भरली हे पाहिलं पाहिजे, आणि ती भरली सूचनांनी. शाळा पूर्वीपेक्षा किती तरी जास्त कळवते आणि पूर्वीपेक्षा कमी जाणते.

त्यानं मग कायद्याचा विषय काढला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, आणि एकूण समितीत निम्म्या स्त्रिया. पण अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये प्रमती खटल्यात ठरवलं. (२०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून तो मोठ्या पीठाकडं धाडण्याची शिफारस केली आहे.) राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ आला, त्याच्या कार्यकारी समितीवर पालक चिठ्ठी टाकून घेतात.

‘माझी चिठ्ठी निघाली एका वर्षी,’ तो म्हणाला. ‘सभेला गेलो. चहा, बिस्कीट, फीचा तक्ता आधीच छापलेला. रजिस्टर पुढं केलं, सही केली. घरी बायकोनं विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, ठरलेलं होतं ते ऐकून आलो.’

‘घटनेनं आम्हाला आमच्या संस्था चालवायचा हक्क दिलाय,’ बाई म्हणाल्या. ‘अनुच्छेद ३०. तो आम्हाला फुकट मिळालेला नाही. आम्ही मूठभर लोक. प्रत्येक निर्णयात पालकांचं बहुमत घ्यायचं म्हटलं तर ही शाळा ख्रिस्ती राहील का? उद्या बहुमतानं ठरेल की सकाळची प्रार्थना बंद करा.’

‘मी प्रार्थना बंद करा म्हणत नाही.’

‘मग काय म्हणतोस?’

‘आधी सांगा म्हणतो. एवढंच.’

आणि मग त्यानं डिसेंबरातली गोष्ट सांगितली. मुलगी नाताळच्या कार्यक्रमात गायकवृंदात होती. महिनाभर सराव चालला होता, शाळा सुटल्यावर. घरी तिनं सांगितलं, गाण्याचा क्लास आहे. शाळेनं काहीच कळवलं नाही. कार्यक्रम झाला, शाळेनं फोटो टाकले, ते फिरत फिरत शेजारणीच्या मोबाइलवरून आजीपुढं आले. पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती, मागं येशूच्या जन्माचा देखावा. आजीच्या सासऱ्यांनी १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली होती. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो एका ओळीत आहे.

‘मग? रागावल्या असतील,’ बाईंचा आवाज खाली आला.

‘मलाही तेच वाटलं. आई बराच वेळ फोटो पाहत राहिली. मग म्हणाली, मला कुणी सांगितलं असतं तर मी चांगलं लुगडं नेसून गेली असती ना. माझी नात गायली अन् मी घरी भांडी घासत बसली.’

बाई काही बोलल्या नाहीत.

‘ती रागावली असती तर मी समजून घेतलं असतं. पण तिला बोलावलंच नाही. शाळेला वाटलं असेल, बौद्ध घर आहे, कशाला विचारा, नाही म्हणतील. आमच्या वतीनं शाळेनंच नकार ठरवून टाकला.’

हा मुद्दा नुसत्या भावनेचा नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २८ (३) सांगतो, की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत त्याच्या संमतीवाचून ओढता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकाची लागते. म्हणजे ज्या घटनेनं ख्रिस्ती समाजाला शाळा चालवायचा हक्क दिला, तिनंच त्या शाळेच्या वर्गात आजीलाही जागा ठेवली आहे. कॅथलिक चर्चनंही ती ठेवली आहे. १९६५ च्या ऑक्टोबरात व्हॅटिकन परिषदेनं शिक्षणावरच्या घोषणापत्रात आई-बापांना मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं. १९८३ च्या चर्चसंहितेचा ७९६ वा नियम शिक्षकांना पालकांशी जवळून सहकार्य करायला, त्यांचं मनापासून ऐकून घ्यायला आणि पालकांचे संघ स्थापून त्यांना मान द्यायला सांगतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना सूचना दिल्या: परिपाठात रोज राज्यघटनेची उद्देशिका वाचावी, सर्व धर्मांचा आदर राखावा, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रीतिरिवाज लादू नयेत. कागदावर हे सगळं आहे. फाटकाशी उभ्या असलेल्या आजीपर्यंत ते पोचतं का, हा प्रश्न आहे.

बाईंना मात्र त्या गप्पपणामागची दुसरी बाजू सांगायची होती.

‘आम्ही विचारायला का भितो, तुला माहीत आहे? इतिहास वाच. मुंबईत मिशनरी विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला. कोर्टकचेरी झाली, पारशी पालकांनी पोरं काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं जाऊन राहिला. कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर सगळी मुंबई भांडली. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले, त्यांनाही लोकांनी सोडलं नाही. तेव्हापासून मिशनच्या शाळेवर एक संशय चिकटलेला आहे. आजही नाताळचा तारा लावला तर बाहेर चार जण घोषणा देत येतील का, याचा विचार मुख्याध्यापकांना करावा लागतो. अशा वेळी माणूस गवगवा न करता काम उरकतो.’

‘पण बाई, तो संशय आलाच कशातून? आई-बापांना नंतर कळलं, यातूनच ना? तुम्ही गवगवा टाळायला गप्प बसता, आणि गप्प बसल्यामुळं लोकांना वाटतं काहीतरी लपवून राहिले.’

इथे बाई जरा थांबल्या आणि अनपेक्षितपणे त्याच्या बाजूला आल्या. ‘लक्ष्मीबाई टिळकांची “स्मृतिचित्रे” वाचलीस का? आमच्या घरात बायबलाशेजारी ठेवलेली असते. त्यांचे पती टिळक इथेच नागपूरला होते काही काळ. नागपूर ते राजनांदगाव गाडीत त्यांना एका गोऱ्या मिशनऱ्यानं बायबल दिलं. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्या बाईनं जे सोसलं ते वाचताना मला दर वेळी वाटतं, नवऱ्याच्या श्रद्धेपेक्षा त्या एकटं पडण्याचं दुःख मोठं होतं. पुढं त्या स्वतःहून आल्या. पाच-एक वर्षांनी, स्वतःच्या पायांनी. आम्ही मराठी ख्रिस्ती बायकांनी तरी हे विसरू नये, की घरातल्या बाईला मागाहून कळणं म्हणजे काय असतं.’

त्याला वाटलं, बाईंनी हार मानली. तसं नव्हतं.

‘पण एका गोष्टीत मी तुझं ऐकणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं सांगा, सगळं सांगा, असं म्हणतोस. नववीतली एक मुलगी माझ्याकडं आली होती. घरात तिचं लग्न ठरवत होते. मामाचा मुलगा. तिनं मला सांगितलं, कारण तिला वाटलं बाई घरी सांगणार नाहीत. तेव्हा मी तिच्या वडिलांना डायरीत चिठ्ठी लिहायला हवी होती का? दुसऱ्या दिवशी तिचं नाव शाळेतून काढलं असतं. मी चर्चमधल्या एका वकीलबाईंना गाठलं, मग तिच्या आजोबांना, आणि शेवटी बापाला. लग्न थांबलं. मूल शाळेत येतं तेव्हा घराबाहेर त्याला एक दार मिळतं. ते दार मी पालकांच्या हातात देणार नाही.’

‘माझ्याही नाही?’

‘तुझ्याही नाही. तुझी पोरगी उद्या मला काही बोलली तर मी तुला सांगेन असं वचन देत नाही. आणि कायदाही तेच सांगतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलावर अत्याचाराचा संशय जरी आला तरी पोलिसांना कळवायचं असतं. आधी घराची परवानगी घ्या असं तिथे लिहिलेलं नाही, कारण कधी कधी त्रास घरातलाच माणूस देत असतो.’

यावर तो चिडला. ‘आणि त्रास शाळेतला माणूस देत असला तर? २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला काय झालं? पालक रेल्वेच्या रुळांवर उतरले ते हौसेनं? शाळा म्हणते आमच्यावर सोडा. सोडलं, आणि लहान पोरींवर शाळेतच अत्याचार झाला. तुम्ही चांगल्या आहात म्हणून दार तुमच्या हातात असावं, हे मला पटतं. पण तुम्ही निवृत्त झालात. आता त्या दाराशी कोण उभं आहे, हे मला माहीत नाही.’

मला वाटतं, दोघांच्या म्हणण्याचा पीळ इथेच होता. बाईंना मुलाचा एकांत राखायचा आहे, आणि तो राखायला हवा. ज्या मुलीचा शब्द न् शब्द घरी पोचतो ती मुलगी बोलणं बंद करते. त्याला त्या एकांताची राखण कोण करतं हे हवं आहे, आणि तेही त्याचं हक्काचं मागणं आहे. नाताळचा सराव आणि नववीतल्या मुलीचं गुपित या दोन गोष्टी एकाच मापानं मोजून चालणार नाही. शाळेचा कार्यक्रम, प्रार्थना, सहल, फी, नवे शिक्षक, अभ्यासाची पद्धत, हे ठरण्याआधी घराला कळलं पाहिजे आणि घराच्या भाषेत कळलं पाहिजे. मुलानं विश्वासानं सांगितलेलं मुलाचंच राहिलं पाहिजे. अडचण अशी, की पुष्कळ शाळांत नेमकं उलटं होतं. कार्यक्रम घरापासून झाकलेला राहतो, आणि वर्गात रडलेल्या मुलीची बातमी स्टाफरूममधून संध्याकाळपर्यंत कॉलनीत पोचते.

बाईंनी डायरी पुन्हा उघडली. चष्मा लावून ती सूचना नीट वाचली.

‘हे मराठीत चार ओळींत होतं. हिंदीत पण. तुझी शाळा माझी नाही, पण माझ्या शाळेतही अशाच सूचना जातात. पुढच्या बैठकीत मी हे मांडते. नाही जमलं त्यांना तर मी स्वतः लिहून देईन, वेळच वेळ आहे मला. आणि कार्यक्रमाची पत्रिका महिनाभर आधी जाईल, त्यात गाणी कोणती, प्रार्थना कोणती, हे लिहून. ज्याला नको त्याच्या मुलाला प्रकाशयोजना, पडदा, काहीही दुसरं काम. पण शनिवारच्या पालकसभेला तू म्हणतोस तसे रेल्वेचे, भाजीवाले आई-बाप येणार कसे?’

‘रविवारी घ्या.’

‘रविवारी चर्च असतं.’

‘चर्चनंतर घ्या. अकरा वाजता. वस्तीत घ्या, शाळेत नको. इंदोऱ्यात बुद्धविहार आहे, मी जागा विचारतो. तुमच्या शिक्षिका दोन जणी आल्या तरी पुरे. एका वस्तीतली वीस घरं एकदम भेटतील. तुम्ही सायकलनं एक-एक घर करत होतात, आता घरं एकत्र येतील.’

ख्रिस्ती शाळेची पालकसभा बुद्धविहारात, ही कल्पना बाईंना पचायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, ‘व्यवस्थापनाला विचारावं लागेल.’

‘विचारा. मीही विहाराच्या कमिटीला विचारतो. दोघंही आधीच विचारू.’

निघताना तो उंबऱ्याशी थबकला. ‘बाई, ते दुसरं. माझी मुलगी तुम्हाला किंवा तिच्या शाळेत कुणाला काही बोलली, तर मला नका सांगू. मान्य. पण एवढं करा. त्या शाळेत पोरीनं काही सांगायचं असलं तर कुणाकडं जायचं, त्यांचं नाव काय, त्या कधी बसतात, तक्रारपेटी कोण उघडतं, सखी सावित्री समितीवर कोण आहे, हे सगळ्या घरांना लिहून द्यायला सांगा. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर पण टाका. मराठीत. माझी आई वाचू शकेल असं.’

‘आणि तुझ्या आईनं वाचून काय करायचं?’

‘ती रोज पोरीला घ्यायला जाते. पोरगी घरी येताना पहिल्यांदा तिच्याशीच बोलते.’

बाईंनी टेबलावरचं जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.